कामगारांचा उत्साह आणि मेंदू: सोलापूरच्या मालकांचे नेहमीचे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले चादर-टॉवेलवाले, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, विडीच्या शाखा सांभाळणारे, झालंच तर दोन-चार दुकानांचे मालक, यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात.

आमच्याकडे चादरी निघतात, प्रयोगशाळा नाही. मेंदूविज्ञानाचा आम्हाला काय उपयोग?

त्याने उत्पादन रातोरात वाढत नाही. पण माणसं का ढेपाळतात याबद्दल आपल्या ज्या पक्क्या समजुती असतात, त्या तपासून घेता येतात. पुढे बरीच नावं आणि सालं येतील, पण सगळं फिरून एकाच ठिकाणी येतं: हातात किती पडलं यापेक्षा, जेवढं धरलं होतं त्याच्या वर पडलं की खाली, हे मेंदूला जास्त लागतं. पगार, शाबासकी, दम, सुट्टी, सगळ्याला हाच हिशोब. आणि माणसांनी काय धरून चालावं हे बरंचसं मालकाच्या तोंडावर असतं.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन ना? ते वाढवायचं कसं?

आनंदाचं रसायन हे रीलवाल्यांनी करून ठेवलेलं नाव. डोपामिन मेंदूत निरोप पोचवण्याचं काम करतं हे अर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकात दाखवलं, त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. पण मालकांच्या कामाचा शोध कार्लसन यांच्या शोधानंतरचा, वुल्फ्राम शुल्ट्झ यांचा.

शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची नोंद घेत होते. माकडाला फळाचा रस मिळाला की पेशी जोरात चालायच्या. मग रसाच्या आधी एक दिवा लागायला लागला. दिवा लागला की रस येतो हे माकडाला कळल्यावर पेशी दिव्यालाच उठायला लागल्या, आणि रस तोंडात पडताना गप्प. रस तोच, तेवढाच. खरी गंमत त्यापुढे आहे. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलं. म्हणजे ‘काहीच मिळालं नाही’ आणि ‘मिळणार होतं ते मिळालं नाही’ या मेंदूसाठी दोन वेगळ्या घटना आहेत. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचं गणित मांडलं.

तेव्हा डोपामिन वाढवायच्या नादाला लागू नका. आपण कोणते दिवे लावून ठेवलेत तेवढं बघा. “ही ऑर्डर वेळेत गेली तर तुमचं बघतो” हा दिवा आहे. ऑर्डर गेली, मालक विसरले, तर मागच्या महिन्यापेक्षा खाली गेलात. काही बोललाच नसतात तर बरं होतं.

दिवाळीचा बोनस दरवर्षी थोडा वाढवतो. तरी देव दिवाळीपर्यंतसुद्धा उत्साह टिकत नाही. माणसं कृतघ्न झालीत का?

नाही हो. मागच्या वर्षी तुम्ही ८ हजार दिले, यंदा ९. तुमच्या हिशोबाने एक हजार जास्त. पण गणपतीपासूनच चहाच्या गाडीवर आकडा फिरायला लागतो. यंदा माल बराच गेलाय, शेजारच्या शेडमध्ये दहा देणार म्हणे, जॉबरने, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याने, मालकाला फोनवर बोलताना ऐकलंय. पाकीट उघडायच्या आधीच कामगाराच्या डोक्यात ११ झालेले असतात. ९ बघून तो वरवर हसतो आणि आत दोन हजारांनी खाली जातो.

यावर जास्त पैसे हा उपाय चालेलच असं नाही, कारण अफवाही तेवढीच वर सरकते. सप्टेंबरमध्येच आकडा किंवा निदान हिशोबाची पद्धत सांगून टाका. “यंदा सुताचा भाव असा, माल इतका गेला, त्यामुळे बोनस या टक्क्याने.” पाकिटात नऊच असतील, पण धरलेलेही नऊच असतील.

मग ठरलेला बोनस बंद करून अचानक बक्षिसं द्यावीत का? अनपेक्षित बक्षिसाने डोपामिन जास्त येतं म्हणता.

अजिबात नको. कायद्यात बसणाऱ्या कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो, तो तुमच्या मर्जीचा भाग नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या घरात उचलीवर महिना चालतो त्याच्या पगाराशी ‘सरप्राइज’ खेळणं म्हणजे जुगाराच्या यंत्राची युक्ती माणसांवर वापरणं. पैसा ठरलेला, वेळेवर, पै-पैचा हिशोब सांगता येईल असा असावा. अनपेक्षित द्यायचंच तर छोटं काही द्या: कठीण लॉट संपला त्या संध्याकाळी अर्धा तास लवकर सुट्टी. तीही दर वेळी दिली की तिचा दिवा होतो, हे लक्षात ठेवा.

पैशाने प्रेरणा मरते असं एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं. आमचं तर सगळं पीसरेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, चालतं. बंद करायचं का?

हा प्रयोग खूप ठिकाणी अर्धवट सांगितला जातो, म्हणून जरा सविस्तर.

१९७१ साली एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, पुढच्या सत्रात बंद केले. मग मोकळ्या वेळात कोण आपणहून कोडी सोडवत बसतं ते पाहिलं. ज्यांना पैसे मिळून थांबले होते, त्यांचा कोड्यांवरचा जीव कमी झालेला दिसला. २०१० मध्ये कोऊ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी असाच प्रकार मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिला. नेमक्या पाचव्या सेकंदाला घड्याळ थांबवायचं, असा साधा खेळ. पैसे मिळणाऱ्यांना पुढे पैसे नाहीत असं कळल्यावर त्यांच्या मेंदूतल्या बक्षिसाशी संबंधित भागाचं काम मंदावलं. ज्यांना कधीच पैसे नव्हते, त्यांचं तसं झालं नाही.

आता नीट बघा. ही कामं मुळात मजेची होती. टॉवेलची घडी घालून पॅक करणं हे कोणी मजेसाठी करत नाही, तिथे पीसरेटने मरायला मुळात प्रेरणाच नाही. तिथे दर योग्य हवा आणि मोजणी सरळ हवी, बस.

पण तुमच्याकडे एखादा नक्षी बसवणारा असेल, जेकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, मोर कसा उतरेल, बॉर्डरला कुठला रंग उठेल यात रात्र-रात्र डोकं घालणारा, तर त्याला ‘नक्षीमागे इतके’ असा दर लावू नका. तो दराप्रमाणे नक्ष्या काढेल. जुन्याच मोराची मान थोडी वाकवून नवा मोर देईल. त्याला चांगला ठरलेला पगार द्या आणि कुठली नक्षी करायची यात त्याचं ऐका.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे तीन गरजा मांडल्या: आपल्या कामात आपलं काही चालतं, आपल्याला हे जमतं, आणि आपण इथल्या माणसांतले आहोत. पीसरेट चालू ठेवूनही या तिन्ही देता येतात.

सगळ्यांसमोर दम दिला की बाकीचे सरळ होतात. यात चुकतं कुठे?

एका शेडमधलं दृश्य सांगतो. मागांची खटखट इतकी, की ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. नव्या पोराचा माग बंद पडलाय, ताण्याचे धागे तुटलेत आणि तो एकेक धागा फणीतून ओवतोय. जॉबर लांबूनच, “काय बे, झोपायलास का?” शब्द निम्म्यांना ऐकू गेले नसतील, पण हातवारे सगळ्यांनी पाहिले. पोराने मान वर केली नाही. पुढचा धागा त्याने चुकीच्या घरातून ओवला, मग तो काढून परत ओवला. दोन मिनिटांचं काम दहावर गेलं.

येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टेन यांचं बरंच काम यावरच आहे. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग क्रम लक्षात ठेवतो, घाईला आवर घालतो, चूक पकडतो. आपल्या हाताबाहेरचा ताण आला की तिथली रसायनं इतकी वाढतात की हाच भाग आधी ढिला पडतो, आणि सूत्रं सवयीकडे आणि भीतीकडे जातात. थोडक्यात, चूक सुधारायला जे लागतं तेच दमाने काढून घेतलं जातं.

दुसरा प्रयोग २००३ चा. नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळायला लावला. थोड्या वेळाने बाकीचे ‘खेळाडू’ त्यांच्याकडे चेंडूच टाकेनात. त्या वेळी शारीरिक वेदनेत काम करणाऱ्या एका भागात हालचाल दिसली. यावरून ‘अपमान म्हणजे मेंदूसाठी थप्पडच’ असं सर्रास सांगतात. ते ताणलेलं आहे, तो भाग इतरही अनेक कामांत दिसतो आणि त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मात्र चार लोकांत उतरवलेलं माणूस विसरत नाही, हे कळायला स्कॅनर कशाला?

जॉबरला एवढंच सांगा: जवळ जा, कानाशी बोल, आधी माग चालू कर. बाकीचं डब्याच्या सुट्टीत.

पण थोडा ताण हवाच ना?

हवा. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर दाखवलं की सोप्या कामात दाब वाढला तर शिकणं सुधारतं, अवघड कामात मध्यम दाबाच्या पुढे ते बिघडतं. पॅकिंगला घाई चालते, कटिंगला चालत नाही. कापड एकदा कापलं की कापलं.

आमची माणसं स्वतःहून काहीच करत नाहीत. सांगितलं तेवढंच. रक्तातच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण इथे शास्त्रज्ञांनी आपलंच म्हणणं उलटं केलं.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. (आज असे प्रयोग वाचवत नाहीत.) काहींना विजेचे असे झटके बसायचे जे काही केलं तरी थांबत नसत. नंतर त्यांना सुटायला वाट दिली तरी बऱ्याच कुत्र्यांनी धडपडच केली नाही. यावरून सिद्धांत निघाला की हतबलता शिकली जाते. पण मायर पुढे मेंदूच्या पेशींकडे वळले, आणि २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. दीर्घ त्रासात गप्प बसणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. ते शिकलं की प्रीफ्रंटलचा एक भाग खालच्या घाबऱ्या केंद्राला आवर घालतो.

म्हणून “स्वतःहून का करत नाहीस?” असं विचारून उपयोग नाही. शेवटचं कधी त्या माणसाने काही सुचवलं आणि खरंच बदल झाला, ते आठवून बघा. कांडी भरणाऱ्या अक्का तीन वर्षं म्हणतायत की रिळांचा रॅक दाराजवळ हवा. रॅक हलवायला दोन माणसं आणि एक तास लागतो. हलवा. आणि “अक्कांनी सांगितलं म्हणून हलवला” हे सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. पुढच्या महिन्यात आणखी कोणीतरी तोंड उघडेल.

याला तब्येतीचीही बाजू आहे. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेल्या मायकेल मार्मट यांच्या अभ्यासात, ज्यांच्या हातात आपल्या कामाचं नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

एकाला जास्त दिलं की दुसरा तोंड पाडतो. त्याचं तर काही कमी केलेलं नसतं!

केलेलं असतं, तुलनेत. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी २००३ मध्ये कापुचिन माकडांना एकाच कामासाठी काकडी दिली, तोवर सगळं ठीक होतं. शेजारणीला त्याच कामाला द्राक्ष मिळताना दिसलं, तेव्हा अनेकींनी काकडी नाकारली. त्याच वर्षी ॲलन सॅन्फी यांच्या गटाने माणसांना पैसे वाटायचा खेळ दिला. अगदीच कमी वाटा देऊ केला तर लोक तो नाकारत, म्हणजे स्वतःचं नुकसान करून घेत, आणि तेव्हा किळस येताना जो भाग जागा होतो तो इन्सुला जोरात चालायचा.

मालकाचा भाचा आठ महिन्यांत सुपरवायझर झाला आणि पंधरा वर्षं माग चालवणारे अण्णा तिथेच, तर अण्णांना किळसच येते. ते बोलत नाहीत, एवढंच. भाच्याला करा, पण काय येतं म्हणून केलं ते दाखवता आलं पाहिजे.

आमच्या बायका घरी विड्या वळतात, शाखेत फक्त माल आणून देतात. त्यांना काय ‘मोटिव्हेट’ करणार?

त्यांच्यासाठी सगळी कंपनी म्हणजे खिडकीतला चेकर. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, हजार झाल्या की शाखेत. तिथे चेकर जुडी उलगडून काही विड्या बाजूला काढतो. सोमवारी जी विडी चालली ती बुधवारी चालत नाही, का ते कोणी सांगत नाही. इथे पुन्हा तोच दिवा आणि तोच न आलेला रस, फक्त रोज.

खिडकीजवळ एका पाटीवर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या विड्यांचे नमुने लावा, शेजारी कारण लिहा, मराठीत आणि तेलुगूत. पान खराब आलं असेल तर ते शाखेने आधी मान्य करावं, बाईच्या माथी मारू नये. कुंभारीसारख्या वसाहतीतून बस-रिक्षाचे पैसे घालून आलेल्या बाईला एवढं कळणं हा तिचा हक्कच आहे.

मे महिन्यात सगळे सुस्त. भाषणं देऊन पाहिली.

पारा ४३ वर, डोक्यावर पत्रा, आणि भाषण? पत्र्याला चुना मारा, बारीक नजरेचं काम सकाळी उरकून घ्या, दुपारी उचल-ठेव आणि मोजणी ठेवा.

आणि झोपेचं बघा. हान्स व्हॅन डाँगन यांच्या २००३ च्या अभ्यासात, १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची लक्ष देण्याची क्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली. त्यातलं वाईट म्हणजे आपण इतके घसरलोय हे त्यांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं. आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं आणि पाळी कधी रात्री बाराची, कधी पहाटे तीनची. घागरी-बॅरल भरायला जागी राहते ती घरातली बाई, आणि सकाळी आठला तीच तुमच्या शिलाई मशीनवर बसते. कोणत्या भागाला कधी पाणी आहे हे सुपरवायझरला माहीत असू द्या. त्या दिवशी नऊला यायची मुभा दिली तर बिघडलेल्या शिलाईचा माल कमी होईल. माझ्या मते सोलापुरात यापेक्षा स्वस्त ‘प्रेरणा’ नाही.

डावा मेंदू की उजवा मेंदू, अशी चाचणी घेऊन माणसं नेमावीत का?

नको. दोन्ही अर्धे सगळेच वापरतात. आणि कुठलीही गोष्ट मेंदूचं नाव घातलं की खरी वाटायला लागते: २००८ मध्ये डीना वाइसबर्ग यांच्या गटाने दाखवलं की असंबद्ध मेंदूविज्ञान जोडलं तर पोकळ स्पष्टीकरणही लोकांना जास्त पटतं. ट्रेनिंगवाल्याच्या स्लाइडवर रंगीत मेंदू दिसला की फी विचारायच्या आधी हे आठवा.

कौतुक किती करावं?

रोज ‘व्हेरी गुड’ म्हणाल तर तिसऱ्या दिवसापासून ते पंख्याच्या आवाजासारखं होतं. काम नेमकं सांगा आणि लगेच सांगा: “कालच्या लॉटमध्ये एकही काठ वाकडा नव्हता.” त्याहून चांगलं म्हणजे माल वापरणाऱ्याचा शब्द. ॲडम ग्रँट यांनी २००७ मध्ये विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्यांची, त्या पैशातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. हा प्रयोग स्कॅनरमधला नाही, पण कामाचा आहे. तुमचे टॉवेल परदेशातल्या हॉटेलात जात असतील तर तिथला एक फोटो मागवा, वॉशिंगच्या खोलीत लावा.

किती दिवसांत फरक दिसेल?

दमाऐवजी कानाशी बोलणं ही जॉबरची नवी सवय आहे. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला गणिताने २५४. जॉबर अठरावाला निघेल अशी आशा ठेवू नका.

गड्ड्याच्या यात्रेत निम्मे लोक दांडी मारतात. बक्षीस ठेवलं तरी येत नाहीत.

येणारही नाहीत. नंदीध्वज निघालेत आणि सिद्धेश्वराच्या अक्षता पडायच्या आहेत, त्या वेळी कोण माग चालवणार? तुम्हीही तिथेच असता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागद लावा, कोणाला कोणता दिवस हवा ते त्यांनाच आपसात ठरवू द्या, आणि जानेवारीच्या मधल्या त्या दिवसांत डिलिव्हरीची तारीख घेऊच नका.